तालुक्यातल्या सेवाभावी माणसांचा सत्कार: निवड, मानपत्र, खर्च, कार्यक्रम. नेमकं कसं करावं?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. मराठवाड्यातल्या एका तालुक्यात चार ग्रामपंचायती आणि एक सार्वजनिक वाचनालय मिळून दरवर्षी १२ जणांचा सत्कार करायचं ठरतंय. आशाताई, अंगणवाडी सेविका, पाणलोटाचं काम करणारे, रक्तदाते, सर्पमित्र, वाचनालय चालवणारे, अपघातात-पुरात धावून जाणारे अशी माणसं डोळ्यांसमोर आहेत. तीन तास भाषणं, पाहुण्यांच्या गळ्यात हार आणि ज्यांच्यासाठी कार्यक्रम ती माणसं मागच्या खुर्च्यांवर, असं होऊ द्यायचं नाही. निवड, पैसे, मानपत्र, तारीख, मंचावरची व्यवस्था याबद्दल जाणकारांनी तपशिलात लिहावं.

बालाघाट

निम्मा वेळ निवडीला द्या. मांडव, माईक, जेवण यात काही कमी-जास्त झालं तर सांभाळून घेता येतं, निवड चुकली तर ती कोणालाच सांभाळता येत नाही. कोण खरंच राबतं आणि कोण फोटोपुरतं येतं हे गावाला पक्कं ठाऊक असतं. भलत्याच्या अंगावर शाल पडली की पुढच्या वर्षी चांगली माणसं स्वतःहून नाही म्हणतात.

समिती ५ किंवा ७ जणांची करा, त्यात किमान ३ बाया हव्यात. सरपंच, पक्षाचे पदाधिकारी आणि देणगीदार समितीत नकोत. निवृत्त शिक्षक, बचत गटांना मार्गदर्शन करणाऱ्या सीआरपी ताई, ग्रंथपाल, पशुवैद्यकीय दवाखान्यातून निवृत्त झालेलं कोणी, अशी गावोगाव फिरलेली माणसं घ्या. एखाद्या नावाशी सदस्याचं नातं असेल तर त्या चर्चेपुरतं त्याने बाहेर बसायचं आणि इतिवृत्तात तसं लिहायचं.

अर्ज मागवू नका, शिफारशी मागवा. राबणारा माणूस स्वतःचा अर्ज भरत नाही. शिफारशीचा कागद एक पानी असावा. काम कोणतं, कोणत्या सालापासून, आठवड्याला साधारण किती वेळ, त्यासाठी मानधन मिळतं का, कामामुळे काय बदललं, आणि खात्री करायला दोन माणसांची नावं. त्यातला एक तरी दुसऱ्या वाडीवरचा असावा, म्हणजे भावकीबाहेरची साक्ष मिळते.

तांड्यावर, पालावर, शेतवस्तीवर हा कागद आपोआप पोचत नाही. तिथे समितीतल्या दोघांनी जायचं, बसून बोलायचं आणि कागद स्वतः भरायचा. हे टाळलं की यादीत फक्त डांबरी रस्त्यालगतची नावं येतात. मुदत किमान ३ आठवडे ठेवा.

नावं पक्की झाली की ७ दिवस चारही ग्रामपंचायतींच्या फलकावर लावा. आक्षेप लेखी आणि सहीचा असेल तरच घ्यायचा. निनावी चिठ्ठीवर कोणाचं नाव काढू नका, पण चिठ्ठीत तपासण्याजोगी गोष्ट असेल तर गुपचूप तपासून घ्या.

मुक्काम_पोस्ट

ही निवड ग्रामसभेतच का नको? तिथे सगळं उघड होतं.

बालाघाट

उघड होतं, पण मतं माणसाच्या कामाला पडत नाहीत, वाडीला आणि भावकीला पडतात. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे सभा भरायला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती. म्हणजे एका भावकीने ठरवलं तर सभा तिचीच होते. ग्रामसभेपुढे यादी माहितीसाठी ठेवा, निवडीची पद्धत तिथे वाचून दाखवा, नावांवर हात वर करायला लावू नका. महिला ग्रामसभेत मात्र नावं जरूर विचारा. पुरुषांच्या बैठकीत जी नावं कधीच निघत नाहीत ती तिथे निघतात.

रानवाट

खात्री कशी करायची यावर लिहितो, कारण गडबड इथेच होते. आकडा ऐकला की आधी गणित करायचं.

रक्तदान: पुरुषाला दोन रक्तदानांत ३ महिने आणि बाईला ४ महिने अंतर ठेवावं लागतं. म्हणजे पुरुषाची वर्षाला फार तर ४ रक्तदानं. "शंभर वेळा रक्तदान" म्हणजे एकही खेप न चुकता २५ वर्षं. वयाच्या १८ वर्षांआधी रक्तदान करता येत नाही, तेव्हा ३५ वर्षांच्या माणसाचं शतक या हिशोबात बसत नाही. प्लेटलेट दिल्या असतील तर मात्र बसू शकतं, कारण ते दान वर्षातून २४ वेळांपर्यंत करता येतं. रक्तपेढीची कार्डं किंवा प्रमाणपत्रं पाहा आणि मानपत्रात "रक्तदान" आणि "प्लेटलेट" वेगवेगळे लिहा.

झाडं: ३ × ३ मीटर अंतराने हेक्टरी १,१११ रोपं बसतात. "दहा हजार झाडं लावली" म्हणजे ९ हेक्टर, जवळजवळ २२ एकर जागा. ती जागा दाखवा म्हणायचं. मियावाकी (दाट लागवडीची) पद्धत असेल तर चौरस मीटरला ३ रोपं धरतात, तेव्हा जागा खूप कमी लागते. मोजणी मे महिन्यात करा, तीही किमान दोन उन्हाळे काढलेल्या झाडांची. लावलेल्या खड्ड्यांचा आकडा मानपत्रात घालू नका, जगलेल्या झाडांचा घाला. जगवणारा माणूस बहुतेक वेळा लावणाऱ्यापेक्षा वेगळा असतो. टँकरचं पाणी घालणारा, शेळ्या हाकलणारा, कुंपणाच्या काट्या दरवर्षी बदलणारा. सत्कार त्याचा व्हायला हवा.

पाणी: "एक कोटी लिटर पाणी अडवलं" हे वाक्य सर्रास येतं. एक कोटी लिटर म्हणजे १०,००० घनमीटर, म्हणजे १०० मीटर लांब, ५० मीटर रुंद आणि २ मीटर खोल साठा. शेततळ्याचा आकडाही असाच फुगतो. ३० × ३० × ३ मीटरचा सरळ गुणाकार २,७०० घनमीटर येतो, पण काठ तिरके असतात. १:१.५ उतार (एक मीटर खोलीला दीड मीटर आत) धरला तर तळ २१ × २१ मीटरचा राहतो आणि प्रत्यक्ष साठा १,९७० घनमीटरच्या आसपास भरतो. लिटरच्या भानगडीत पडण्यापेक्षा "पूर्वी जानेवारीत आटणाऱ्या अमुक विहिरींना आता एप्रिलपर्यंत पाणी असतं" हे विहीरमालकांना विचारून लिहा. ते गावाला पटतं.

मुक्काम_पोस्ट

गुणपत्रक करावं का? सातत्य ३०, परिणाम ३०, अडचण २०, विनामोबदला काम २०, असं काहीसं.

बालाघाट

पहिल्या चाळणीपुरतं ठीक. शेवटच्या निवडीला गुणांचा आधार घेतला की ६८ आणि ६७ मध्ये वाद होतो आणि दोन्ही आकडे अंदाजेच असतात. त्यापेक्षा समितीने प्रत्येक निवडलेल्या नावापुढे तीन ओळींचं कारण लिहावं. कारण लिहिता आलं नाही तर नाव बाजूला. आणि "विनामोबदला"ला २० गुण दिले तर आशाताई सुरुवातीलाच मागे पडतात, ते चुकीचं आहे.

ओसरी

अगदी बरोबर. आशा स्वयंसेविकेला कामानुसार मोबदला मिळतो, अंगणवाडी सेविकेला मानधन मिळतं, म्हणून "त्यांचं कामच आहे ते" असं समितीत कोणीतरी म्हणतंच. त्याला उत्तर म्हणून नेमून दिलेलं काम किती ते आधी समजून घ्या, म्हणजे त्यापलीकडचं दिसतं.

ग्रामीण भागात साधारण १,००० लोकसंख्येमागे एक आशा. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी ४२ दिवसांत ६ गृहभेटी ठरलेल्या: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवसाची धरून ७. बाळाचं वजन, ताप, अंगावर पिण्याची ताकद हे त्या भेटीत बघायचं असतं. घरी जाऊन नवजात बाळ सांभाळण्याची ही पद्धत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीत गावातल्याच बायांना शिकवून सिद्ध केली. आता तुमच्या तालुक्यात बघा: ज्या आशेचा भाग चार वस्त्यांत विखुरलाय, जिच्या वाटेत ओढा आहे, तिच्या सहा भेटी आणि गावठाणातल्या सहा भेटी सारख्या नाहीत. नोंदवही तीच, पायपीट वेगळी. निवड करताना हा फरक बघायचा.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा जागतिक पातळीवर गौरव केला. मंचावरून ते एका वाक्यात सांगा, पण त्याच्या आधाराने तालुक्यातल्या सगळ्या आशांना सरसकट प्रमाणपत्रं वाटू नका. ५० जणींना एकच मजकूर दिला तर एकीचंही काम सांगून होत नाही.

नाव सुचवताना फक्त वैद्यकीय अधिकाऱ्याला किंवा आशांवर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकाला विचारू नका, वस्तीवरच्या बाळंतिणींना विचारा. राज्य शासनाने ३१ मे २०२३ ला ग्रामपंचायत पातळीवर दोन-दोन महिलांना पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर पुरस्कार दिले होते. तुमच्या चार गावांत तो कोणाला मिळाला ते ग्रामपंचायतीत बघून घ्या. त्याच नावांची पुनरावृत्ती करण्यापेक्षा नवीन माणसं शोधता येतील.

हिशोबनीस

पैशाचं बोलू. चार ग्रामपंचायती आहेत म्हणून ग्रामनिधीवर सगळा भार टाकू नका. द्यायचेच असतील तर मासिक सभेचा ठराव आधी, खर्च नंतर. दरपत्रकं, जीएसटी बिल, सत्कारमूर्तींच्या पोचसह्या हे सगळं एका फाइलीत. लेखापरीक्षणात आक्षेप येतो तो बहुधा खर्चावर नसतो, ठराव खर्चानंतरच्या तारखेचा निघाला यावर असतो. वित्त आयोगाच्या निधीला हात लावू नका.

वर्गणी गोळा करायची तर ती नोंदणीकृत संस्थेच्या पावतीवर. तुमचं वाचनालय सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं असेल तर त्याच्या नावाने स्वतंत्र बँक खातं उघडा. नोंदणी नसलेल्या मंडळाने लोकांकडून पैसे जमवायचे असतील तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडून कलम ४१ (क) खाली परवानगी लागते, गणेश मंडळं घेतात तीच. कोणाही एका देणगीदाराची रक्कम एकूण खर्चाच्या एक पंचमांशापेक्षा जास्त नको. त्याहून जास्त झाली की बॅनरवर त्याचा फोटो येतो आणि पुढच्या वर्षी यादीत त्याचा माणूस येतो.

खर्चाची वाटणी करताना मांडव-खुर्च्या-ध्वनिक्षेपक यांना एक तृतीयांशापेक्षा जास्त जाऊ देऊ नका. सत्कारमूर्तींच्या वाट्याला निम्मी रक्कम राहिली पाहिजे. त्यात तीन गोष्टी धरा: मानपत्र, कामाला उपयोगी पडणारी एक वस्तू, आणि येण्या-जाण्याचं भाडं अधिक एका दिवसाची बुडालेली मजुरी. मजुरीवर जगणाऱ्या बाईने दुपारचा कार्यक्रम गाठला की तिची त्या दिवसाची हजेरी जाते. हे पाकीट आदल्या दिवशी घरी नेऊन द्या, मंचावर नको.

वस्तू विचारून ठरवा. आशाताईला चांगली बॅटरी आणि रेनकोट, वाचनालयवाल्याला पुस्तकं ठेवायचा लोखंडी घोडा, वृक्षमित्राला ठिबकचा पाइप, आपत्तीत धावणाऱ्या गटाला दोर आणि लाइफ जॅकेटं. फायबरच्या चषकापेक्षा हे कितीतरी बरं.

आणखी एक. शिक्षक, ग्रामपंचायत अधिकारी, आरोग्यसेविका यांचा सत्कार असेल तर त्यांना वर्तणूक नियम लागू असतात. आपल्या सन्मानार्थ भरलेल्या सभेला जाण्यासाठी किंवा मानपत्र स्वीकारण्यासाठी वरिष्ठांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. पत्र महिनाभर आधी द्या, नाहीतर ते माणूस आयत्या वेळी अडचणीत येतं.

अक्षरजुळणी

मानपत्राबद्दल. बहुतेक मानपत्रांत नाव खोडून दुसरं नाव घातलं तरी मजकूर तसाच चालतो. "आपण निःस्वार्थ भावनेने समाजसेवेचे व्रत अंगीकारून..." हा मजकूर सर्पमित्रालाही लागू आणि कीर्तनकारालाही. असं मानपत्र घरी भिंतीवर लागतं, वाचत कोणी नाही. नमुना देतो:

"श्रीमती ________, रा. ________ तांडा. सन २०१४ पासून आशा स्वयंसेविका. तांड्यापासून उपकेंद्र ६ किलोमीटर, आणि मधल्या ओढ्याला पाणी आलं की रस्ता बंद. पावसाळ्यात तारीख जवळ आलेल्या गरोदर बाईला चार-पाच दिवस आधीच गावात नात्यातल्या घरी आणून ठेवण्याची पद्धत त्यांनी घरोघरी बोलून पाडली. गेल्या तीन पावसाळ्यांत तांड्यावर एकही बाळंतपण घरी झालेलं नाही. या कामाची नोंद म्हणून हे मानपत्र."

साधारण ५० ते ७० शब्द. मोठ्याने वाचायला अर्ध्या-पाऊण मिनिटाच्या आत. विशेषण एकही नाही. यातला प्रत्येक तपशील समितीने तपासलेला असला पाहिजे, आणि छापण्याआधी मजकूर त्या व्यक्तीला वाचून दाखवायचा. काही वेळा तीच सांगते की हे काम एकटीचं नव्हतं, अमक्या चुलतीचं नाव घाला. घाला.

नाव कसं हवं ते तिच्याकडूनच लिहून घ्या. आधारवरचं, शाळेतलं आणि गावात चालणारं नाव वेगवेगळं असतं. आईचं नाव हवं का, माहेरचं आडनाव हवं का, तेही विचारा.

आता छपाई. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून पाठवा, फोटो पाठवू नका. छापखान्यात अजून जुने फाँट वापरतात, तिथे युनिकोड मजकूर बदलून घेतला की 'ऱ्य', 'ऱ्ह', 'ॲ' आणि रफार तुटतात. गोऱ्हे, कुऱ्हाडे, सूर्यवंशी ही आडनावं हमखास बिघडतात. संगणकाच्या पडद्यावर तपासून भागत नाही, मूळ आकारात कागदावर एक प्रत काढा आणि समितीबाहेरच्या माणसाकडून वाचून घ्या. पीडीएफ करताना अक्षरांचं आउटलाइन (अक्षरांचं आकृतीत रूपांतर) करून घ्या, म्हणजे दुसऱ्या संगणकावर फाँट नसला तरी बिघडत नाही.

कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, चौकट १२ × १८ इंच. काच नको, ॲक्रिलिक लावा. एसटीतून, दुचाकीवरून घरी जाताना काच फुटते. चौकटीच्या मागे दोन हुक आधीच बसवून घ्या. खाली दोनच सह्या: समितीचा अध्यक्ष आणि संस्थेचा सचिव. प्रमुख पाहुण्याची सही ठेवली आणि पाहुणे बदलले तर १२ चौकटी परत उघडाव्या लागतात.

गोदाकाठ

खूप उपयोगाचं. तारीख २ ऑक्टोबर धरली होती. चालेल का?

पाणंद

मराठवाड्यात त्या सुमारास सोयाबीनची काढणी अंगावर आलेली असते. पाऊस उघडला की माणूस शेत सोडत नाही. २६ जानेवारीला ऊसतोड कुटुंबं कारखान्यांवर असतात, म्हणजे निम्मा तांडा गावात नाही. १ मेला माणसं घरी असतात, पण लग्नतिथी आणि ऊन. करायचाच तर सकाळी ८ ते ९.३०. माझ्या मते १५ ऑगस्ट बरा. झेंडावंदनाला गाव जमलेलं असतं, कोळपणी-फवारणीला अर्धा दिवस थांबता येतं, शाळेचा हॉल मिळतो. तारीख पक्की करण्याआधी तहसील कार्यालयात कोणत्या निवडणुकीची आचारसंहिता लागण्याची शक्यता आहे ते विचारा. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या आशांच्या मासिक बैठकीची तारीख आणि पल्स पोलिओचा रविवारही टाळा.

वेळेचा हिशोब असा. एका सत्काराला ३ मिनिटं: खुर्चीवरून येणं ३० सेकंद, मानपत्राचं वाचन ४० सेकंद, सत्कार एक मिनिट, फोटो आणि परतणं ५० सेकंद. १२ जणांचे ३६ मिनिटं. प्रास्ताविक ७, तीन सत्कारमूर्तींची मनोगतं मिळून १५, पाहुणे १२, अध्यक्ष ८, आभार ३. सगळं मिळून ८१ मिनिटं. दीड तासात घरी.

हे गणित मोडतं ते दोन जागी. एक, पाहुण्यांचे स्वागतसत्कार. मंचावर ९ पाहुणे आणि प्रत्येकाला हार म्हटलं की मुख्य कार्यक्रम सुरू होण्याआधीच अर्धा तास जातो आणि लोक पांगतात. मंचावर पाहुणे तीनच बसवा आणि त्यांचं स्वागत शब्दांनी करा. बाकी मान्यवर पहिल्या रांगेत, सत्कारमूर्ती मंचावर. दोन, आयत्या वेळचे सत्कार. कोणीतरी चिठ्ठी पाठवतं, "यांचाही सत्कार घ्या". यावर एकच उपाय: शाली मोजून १२ आणा, तेरावी शाल आवारात ठेवू नका. शिल्लक शाल दिसली की ती कोणाच्या तरी अंगावर पडतेच.

प्रत्येक सत्कारमूर्तीसाठी कापडी पिशवी, तिला क्रमांकाची चिठ्ठी. आत शाल प्लास्टिकमधून काढून उभी घडी घातलेली, मानपत्र, वस्तू. मंचामागे दोघं: एक पिशवी देणारा, एक रिकामी पिशवी घेऊन सत्कारमूर्तीला मंचावरून उतरल्यावर सगळं त्यात भरून देणारा. नाहीतर एका हातात नारळ, दुसऱ्यात चौकट, खांद्यावरून घसरणारी शाल आणि पायऱ्या उतरायच्या, म्हातारी माणसं अडखळतात. मंचाला दोन्ही बाजूंनी पायऱ्या आणि धरायला बांबू हवाच.

सूत्रसंचालकाला क्रमवार यादी द्या, त्यात गावांची नावं उच्चारासह. शेरोशायरी नको. उघड्यावर कार्यक्रम असेल तर पोलीस ठाण्याची ध्वनिक्षेपक परवानगी आधी काढा. रात्री १० नंतर तो चालत नाही. वीज जाते हे गृहीत धरून माईक इन्व्हर्टरवर जोडून तपासा. संध्याकाळचा कार्यक्रम असेल तर मंचाचं तोंड पश्चिमेला करू नका, मावळतीचं ऊन सत्कारमूर्तींच्या डोळ्यांवर येतं आणि सगळ्या फोटोंत डोळे मिटलेले निघतात.

ओसरी

औक्षणाबद्दल. सत्कारमूर्तींत विधवा, एकट्या राहणाऱ्या बाया असतातच. रात्री-अपरात्री दुसऱ्यांच्या घरी धावून जाणाऱ्यांत तर त्या जास्त असतात. कुंकू लावताना तबक धरणारी मुलगी तिथे येऊन घुटमळते आणि सगळ्यांसमोर त्या बाईचा अपमान होतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं. तुमच्या चार ग्रामपंचायतींनी तो ठराव केला असेल तर तो पाळण्याची हीच जागा. सरळ नियम करा: औक्षण सगळ्यांचं किंवा कोणाचंच नाही, आणि तबक धरणाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा.

दुसरं, ज्यांना मदत झाली त्यांना मंचावर आणू नका. क्षयरोगाचा रुग्ण, दारू सुटलेला माणूस, आत्महत्याग्रस्त कुटुंब, यांची नावं मानपत्रातही नकोत. बालविवाह रोखणाऱ्या ताईचा सत्कार करताना तर फार जपा. ग्रामीण भागात ग्रामसेवक (आताचा ग्रामपंचायत अधिकारी) हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, माहिती मात्र बहुतेक वेळा अंगणवाडी सेविकेकडून येते आणि ती त्याच गावात राहते. गाव, साल, कुटुंब ओळखू येईल असं काहीही वाचू नका. तिला आधी एकटीला विचारा की जाहीर सत्कार हवा का. नको म्हणाली तर समितीने घरी जाऊन मानपत्र द्यावं.

रानवाट

सर्पमित्र आणि आपत्तीतले स्वयंसेवक यांच्याबद्दल भर. साप वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली संरक्षित आहेत. सर्पमित्राची निवड करताना तो पकडलेले साप वन विभागाला कळवून, नोंद करून सोडतो का हे बघा. गळ्यात नाग घातलेला फोटो निमंत्रणपत्रिकेवर किंवा बॅनरवर नको, मंचावर साप तर मुळीच नको. पोरं तेच शिकतात. विचारायचं ते हे: दंश झालेल्या किती जणांना मांत्रिकाकडे न नेता थेट प्रतिविष असलेल्या रुग्णालयात पोचवलं, आणि कोणत्या रुग्णालयात प्रतिविष असतं ते त्याला पाठ आहे का.

पुरात उतरणाऱ्यांचंही तसंच. लाइफ जॅकेट न घालता पाण्यात उडी मारलेल्याचं धाडस म्हणून कौतुक केलं की पुढच्या पुरात दोन पोरं तसंच करतात. 'आपदा मित्र' योजनेत प्रशिक्षण घेतलेल्या स्वयंसेवकांची यादी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडे असते, तिथे विचारा. गटाने केलेलं काम असेल तर सन्मान गटाचा करा आणि मानपत्रात सगळी नावं अकारविल्हे छापा. एकालाच पुढे काढलं की पुढच्या वेळी बाकीचे येत नाहीत.

मुक्काम_पोस्ट

मानपत्रासाठी तपासलेला हाच तपशील राज्य-देश पातळीवरच्या पुरस्कारांना वापरता येतो, तेव्हा जपून ठेवा. पद्म पुरस्कारांसाठी कोणीही कोणाचंही नामांकन राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर करू शकतं. त्यात कामाचं वर्णन जास्तीत जास्त ८०० शब्दांत द्यायचं असतं. मुदत दरवर्षी बघावी लागते: २०२४ मध्ये १ मे ते १५ सप्टेंबर होती, २०२५ मध्ये १५ मार्च ते ३१ जुलै. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे आणि हिवरे बाजारचे पोपटराव पवार या दोघांनाही २०२० ची पद्मश्री जाहीर झाली. राहीबाईंचं देशी बियाणं, पोपटरावांचं गावाचं पाणी, काम नेमकं सांगता येण्यासारखं होतं. राज्य पातळीवर शेतकरी महिलांसाठी जिजामाता कृषिभूषण, वृक्षसंवर्धनासाठी वनश्री, सामाजिक न्याय विभागाचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर समाजभूषण असे पुरस्कार आहेत. त्यांच्या जाहिराती संबंधित विभाग काढतात.

बातमीबद्दल एक. वार्ताहराला २०० शब्दांचा मजकूर आणि एक फोटो त्याच दिवशी संध्याकाळी ५ च्या आत द्या. पहिल्या परिच्छेदात १२ जणांची नावं आणि प्रत्येकाचं काम चार-पाच शब्दांत. पाहुण्यांची नावं शेवटच्या परिच्छेदात. जागा कमी पडली की मजकूर खालून कापतात, त्यामुळे हा क्रम उलटा ठेवला तर बातमीत फक्त पाहुणे उरतात. फोटोओळीत "डावीकडून" लिहून सत्कारमूर्तींची नावं द्या.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. १५ ऑगस्ट पक्का करतोय, समिती सातची, शाली बारा. नोंदी कशा ठेवायच्या ते राहिलं. दरवर्षी समिती बदलली तर माहिती हरवेल.

हिशोबनीस

पुठ्ठ्याची २०० पानी नोंदवही, वाचनालयाच्या कपाटात. एका व्यक्तीला समोरासमोरची दोन पानं. डावीकडे शिफारशीतला मजकूर, खात्री कोणी आणि कोणत्या तारखेला केली, त्यांच्या सह्या. उजवीकडे मानपत्राची छापील प्रत चिकटवायची आणि खाली जागा मोकळी सोडायची. दर सहा महिन्यांनी समितीतल्या एकाने जाऊन त्या मोकळ्या जागेत लिहायचं: काम चालू आहे का, काय अडलंय, कोणाकडे पत्र द्यायला हवं. उपकेंद्राचा रस्ता, झाडांना पाण्याची टाकी, वाचनालयाचं वीजबिल, अशा गोष्टी चार ग्रामपंचायतींच्या सहीने लवकर हलतात.

निवड न झालेल्या शिफारशीही फेकू नका. त्या वेगळ्या फाइलीत लावा आणि पुढच्या वर्षी पहिली बैठक त्याच फाइलीपासून सुरू करा. त्यातल्या निम्म्या तरी फक्त खात्री करायला वेळ पुरला नाही म्हणून राहिलेल्या असतात.